रस्त्याच्या गणितात आपली मिनिटे कुठे आहेत?

शिरवण्यातून मोटारीने मुंबईला जायचे तर दोन वाटा आहेत: सायन-पनवेल महामार्गाने वाशीचा खाडीपूल, नाहीतर उलव्याकडे वळून अटल सेतू. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशी नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. सेतूवर मात्र मोटारीला एका फेरीचे २५० रुपये ठरलेले. मग कोण कुठून जाईल? हा अंदाज बांधणाऱ्या गणिताला ट्रॅफिक असाइनमेंट मॉडेल म्हणतात. कोट्यवधींचे पूल आणि रस्ते अशा गणिताच्या आधाराने मंजूर होतात. म्हणून आपल्या तरुणांनी ते समजून घ्यावे, असे मला वाटते.

गणित अवघड नाही. शहराचे छोटे विभाग पाडायचे, कोणत्या विभागातून कुठे किती फेऱ्या होतात आणि त्या कशाने होतात ते ठरवायचे, मग त्या फेऱ्या नकाशावरच्या रस्त्यांवर वाटायच्या. वाटणीचे सूत्र १९५२ मध्ये वॉर्ड्रॉप या ब्रिटिश अभ्यासकाने मांडले: प्रत्येक जण आपला वेळ वाचवतो आणि शेवटी अशी स्थिती येते की रस्ता बदलून कोणाचाच फायदा होत नाही. गर्दी वाढली की वेळ वाढतो, त्याचेही सूत्र आहे. अमेरिकेतल्या एका प्रचलित सूत्रानुसार रस्ता क्षमतेइतका भरला तर प्रवासाचा वेळ १५ टक्के वाढतो, दुप्पट भरला तर तो ३.४ पट होतो.

अंदाज चुकू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला तेव्हा रोज ७० हजार वाहनांची अपेक्षा सांगितली गेली होती. पहिल्या वर्षी रोजची सरासरी २३ हजारांच्या आसपास राहिली. पण माझी तक्रार चुकीच्या अंदाजाबद्दल नाही. गणित बरोबर आले तरी त्यात कोणाला धरले आणि कोणाला सोडले, हा माझा प्रश्न आहे.

पहिले, पायी चालणारे. एमएमआरडीएच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात असे आढळले. पण रस्त्यांवर वाटणी होते ती वाहनांची. महामार्ग ओलांडून शिरवण्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारा कामगार दुभाजकाशी जितकी मिनिटे ताटकळतो, ती सहसा कोणत्याच रकान्यात येत नाहीत.

दुसरे, वेळेची किंमत. टोलचे रुपये मिनिटांत बदलायचे तर एका तासाचा भाव ठरवावा लागतो आणि तो बहुधा उत्पन्नावरून ठरतो. प्रकल्पाचा फायदाही याच भावाने मोजला, तर मोटारवाल्याची दहा मिनिटे जड भरतात आणि बसच्या रांगेतल्या बाईची हलकी. ब्रिटनमध्ये कामावर जाण्या-येण्याच्या वेळेला सर्वांसाठी एकच राष्ट्रीय सरासरी भाव धरतात. आपल्याकडे असे का नको?

तिसरे, मोजणीची वेळ. बरीच मॉडेले सकाळच्या गर्दीच्या तासावर बेतलेली असतात. दुपारी मुलाला शाळेतून आणणारी, वाटेत दवाखाना आणि बाजार उरकणारी आई त्या तासात नसते. तिची फेरी एकाच विभागात संपली, तर ती कोणत्याच रस्त्यावर दिसत नाही. शुक्रवारची दुपारही तशीच. जुम्म्याची गर्दी दर आठवड्याला त्याच वेळी होते, तरी नियोजनात तिला जागा नसते. ती दिसते फक्त तक्रारीत आणि व्हायरल व्हिडिओत.

यात दोष आपलाही आहे. रस्त्याच्या आखणीत दर्गा किंवा कब्रस्तानाची भिंत आली की आपण जागे होतो, तोवर हरकतींची मुदत संपलेली असते. २०२२ मध्ये नवी मुंबई महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा हरकतींसाठी खुला झाला, तेव्हा आपल्या किती मंडळांनी तो उघडून पाहिला?

कोणी म्हणेल, रोजगार आणि सुरक्षिततेचे प्रश्न उभे असताना मॉडेल कसले घेऊन बसलात? पण रोजगारापर्यंत रस्त्यानेच जावे लागते. मोजणीचे मोल आपल्याला २००६ च्या सच्चर अहवालाने शिकवले आहे. आकडे समोर आले म्हणून चर्चा बदलली.

म्हणून एवढे करू. माहितीच्या अधिकारात अहवाल मागवू आणि चार प्रश्न विचारू: विभाग किती मोठे? कोणत्या तासाची मोजणी? वेळेचा भाव काय? पायी चालणारे कुठे आहेत? शिवाय एका सोमवारी आणि एका शुक्रवारी आपल्या चौकात उभे राहून स्वतः माणसे मोजू, स्त्रिया, मुले, वृद्ध वेगळे लिहू आणि ते आकडे हरकतीला जोडू.

मुस्लिमांसाठी वेगळा रकाना मला नको आहे. शिरवण्याला महामार्ग ओलांडणाऱ्यांत आगरी आहेत, दलित आहेत, उत्तरेकडून आलेले मजूर आहेत, आपणही आहोत. सगळ्यांची मिनिटे सारखीच वाया जातात. रस्त्यातला त्रास दूर करणे हा ईमानचा भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. काटा उचलण्याइतकेच पुण्य चुकीच्या आकड्याला हरकत घेण्यातही आहे, असे मी मानतो.