पडद्यावरची कचेरी कोणासाठी?

सरकारी कचेरीची खिडकी हळूहळू मिटत असून तिची जागा फोनच्या पडद्याने घेतली आहे. हेलपाटे वाचले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु खिडकीमागे निदान एक माणूस बसलेला असे. तो त्रासिक का असेना, अर्जदाराची अडचण त्याला दिसे. पडद्याला ती दिसत नाही. त्याची आखणी करणाऱ्याने ज्या अडचणी आधी कल्पिल्या असतील, तेवढ्याच त्याला ठाऊक.

लाडकी बहीण योजनेत २०२५ साली याचा प्रत्यय आला. सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि स्त्रीच्या आधारबरोबर पतीच्या किंवा पित्याच्या आधारचीही पडताळणी आवश्यक ठरली. जिला दोघेही उरलेले नाहीत, तिने कोणती चौकट भरावयाची? अखेर नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवून अशा स्त्रियांसाठी निराळी सोय करावी लागली. यंत्र बिघडले नव्हते. आखणीच्या वेळी ही बाई कोणाच्या डोळ्यांपुढेच नव्हती.

सोलापुरात तर हा प्रश्न घरोघरचा आहे. पूर्वभागातील कित्येक विडी कामगार स्त्रियांची घरची भाषा तेलुगू. शहरात कन्नड व उर्दू बोलणारेही थोडे नाहीत. वर्षानुवर्षे विड्या वळून बोटांच्या रेषा झिजतात, मग ठसा उमटत नाही. ठसा नाही तर ओटीपी; तो वेळेत भरला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. त्यात फिकट, बारीक अक्षरे आणि उतारवयातील डोळे. शेवटी ती बाई केंद्रचालकाच्या हाती फोन देते, कोणासही सांगू नये असा अंक त्याला सांगते आणि वर पैसेही मोजते. मध्यस्थ हटविण्यास निघालेल्या व्यवस्थेने नवा मध्यस्थ उभा केला आहे!

हे अटळ मात्र नाही. मतदान यंत्रच पाहावे. नाव, छायाचित्र, चिन्ह आणि बटण एका ओळीत; बटण दाबताच दिवा व आवाज; अंधांसाठी ब्रेल अंक. निरक्षर मतदार गृहीत धरूनच १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत चिन्हे आली. मतदार आपल्या सोयीचे निवडण्याची मुभा निवडणूक आयोगाला नव्हती.

कायद्याचीही उणीव नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. डोळ्यांची उघडझाप करता न आल्याने ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या एका स्त्रीची बँकेतील पडताळणी अडली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. परंतु निर्देश फाइलीत राहतात आणि ॲप निविदेतून येते. ठेकेदाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी ते ॲप पूर्वभागातील दहा विडी कामगार स्त्रियांच्या व दोन-चार अंध विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. शेजारी कोणी सांगणारा नसावा. ती माणसे जेथे अडतील तेवढे नोंदवून काम परत पाठवावे. यास आठवड्याहून अधिक काळ लागण्याचे कारण नाही.