खोडदची शांतता आणि आमची रेल्वे

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रयोग दाखवत असे. टेबलावर जुना ट्रान्झिस्टर, मीडियम वेव्हवर पुणे केंद्र लावलेलं. खिडकीखाली शिपाईमामा आपली मोपेड सुरू करत आणि गाण्यावर खरखर चढे. "मामांची गाडी आणि आपला रेडिओ यांच्यात वायर आहे का?" मी विचारायची. ठिणगी पडते तिथून रेडिओलहरी निघतात, हे मुलांना त्या खरखरीतून जितकं कळे तितकं पुस्तकातून कधी कळलं नाही.

पुणे-नाशिक रेल्वेवरून नारायणगावच्या बाजारात वाद ऐकले की मला ती खरखर आठवते. आधीच्या आराखड्यात गाडी चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी जाणार होती. मग रेल्वे खात्याने खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं कारण दिलं आणि मार्ग अहिल्यानगर-शिर्डीकडे वळवला. दुर्बिणीनं आमची रेल्वे खाल्ली, असं लोक म्हणतात. माझे दीर टोमॅटो करतात. त्यांची पिकअप चाकणच्या कोंडीत अडकते तेव्हा क्रेटमधला माल कसा मऊ पडतो, ते मी पाहिलं आहे. त्यांचा राग खरा आहे.

पण खोडदला आहे काय, हेही नीट समजून घ्यायला हवं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मधल्या चौकात जवळजवळ, बाकी १६ तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. तबकडी म्हणजे आरसाच, पण तारेच्या जाळीचा. पिठाच्या चाळणीतून गहू खाली पडत नाही, तशी २१ सेंटीमीटरची लहर बोटभर भोकांतून निसटत नाही, परत फिरते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढा मोठा आरसा हलक्या सांगाड्यावर उभा राहतो. पोलादी दोरांवर जाळी ताणून बसवण्याची ही कल्पना गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. इतक्या कमी खर्चात असं काही उभं राहू शकतं, हे त्यांनी आपल्या उसाच्या आणि कांद्याच्या रानांमध्ये करून दाखवलं.

एकटी तबकडी तशी अंधुकच पाहते. २१ सेंटीमीटरच्या लहरीवर तिला चंद्राच्या निम्म्या रुंदीहून बारीक तपशील दिसत नाही. तिसांचे संकेत ऑप्टिकल फायबरने एका ठिकाणी आणून जोडीजोडीने ताडून पाहिले, की ४३५ जोड्या होतात आणि २५ किलोमीटरच्या आरशाची नजर मिळते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण संकेत इथेच पकडला गेला. २०२३ मध्ये जाहीर झालं, की ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनमधून निघालेली लहर इथे टिपली गेली. निघताना २१ सेंटीमीटरची होती. विश्व प्रसरण पावत गेलं तशी वाटेत ताणली गेली आणि पोहोचली तेव्हा ४८ सेंटीमीटरची झाली होती.

अशी लहर ऐकायची तर आजूबाजूला खरखर चालत नाही. म्हणून तर आत जाताना मोबाइल बंद करायला लावतात. विजेच्या गाडीच्या टपावरचा, वीज घेणारा पँटोग्राफ तारेला घासत जातो, ठिणग्या उडतात. मामांच्या मोपेडचीच गोष्ट, कितीतरी मोठी. शांतता हा त्या दुर्बिणीचाच एक भाग आहे. जाळी फाटली तर नवी बसवता येईल. ही शांतता एकदा गेली तर कुठून आणणार? माझं मत विचाराल तर दुर्बिणीला धोका होईल अशा मार्गाने रेल्वे येऊ नये. शेतकऱ्याच्या घरातली असूनही मी हे म्हणते.

मात्र ही शांतता सांभाळण्याचा भार जुन्नर-आंबेगाववर पडतो आहे, तेव्हा हिशेब आम्हाला दाखवायला हवा. गाडी किती अंतरावरून गेली तर संकेत बिघडतात? डोंगराच्या आडून, बोगद्यातून नेली तर किती फरक पडतो? खोडदपासून सरकवून, पण आमच्याच तालुक्यांतून जाणारा मार्ग तपासला का, आणि तपासला असेल तर कुठे अडलं? मोजमापं झाली असतील, तर ती मराठीत, मंचरच्या आणि नारायणगावच्या बाजार समितीत लागली पाहिजेत. नुसतं "दुर्बीण आहे म्हणून नाही" एवढं सांगून सोडलं, की माणसं विज्ञानावरच चिडतात. मी ३१ वर्षं शिकवलं. माझ्याच विद्यार्थ्यांच्या तोंडी तो राग ऐकणं मला फार जड जातं.

दर २८ फेब्रुवारीला खोडदच्या विज्ञान प्रदर्शनाला ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून मुलं येतात, त्यांच्या मागे आईबापही येतात. यंदा तिथल्या एका टेबलावर रेल्वेचे सगळे तपासलेले मार्ग नकाशावर मांडा, शेजारी रेल्वेचा एक आणि दुर्बिणीचा एक असे दोन अभियंते बसवा. ट्रान्झिस्टर मी घेऊन येईन.