नाक्यावरचे बिनबोलावलेले पंच

आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या कोणालाही नाका म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठलीही. तेव्हा जिल्ह्याची शीव ओलांडताना एस.टी. थांबली, शिपाई वर चढला आणि फळीवरच्या पिशव्या चाचपू लागला, तर त्यात आपल्याला नवल वाटत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी विनोद करतो, कंडक्टर घंटी मारतो आणि गाडी पुढे जाते. दारूचा नाका, वनखात्याचा तपासणी नाका, पोलिसांची नाकाबंदी असे हे तीन भाऊ. आपल्याकडे वनरक्षकाला गावातली माणसे अजूनही ‘नाकेदार’च म्हणतात. नाक्याने आपल्या बोलीत किती खोल घर केले आहे, हे त्या एका शब्दावरून कळावे.

मी स्वतः आजवर नाक्यावर पाच मिनिटांहून अधिक काळ थांबलो नाही. खिशात महाविद्यालयाचे ओळखपत्र असते, पायांत बूट असतात आणि प्रश्न मराठीत आला की उत्तरही मराठीत देता येते. माझ्या वर्गात भामरागडच्या बाजूचा एक मित्र आहे. त्याच्या खिशातही तेच ओळखपत्र आहे, पण त्याला गाव विचारले जाते, मग गावाच्या पुढचे गाव विचारले जाते, मग वडिलांचे नाव. एकदा आम्ही दोघे एकाच गाडीतून उतरलो. मी चहा पिऊन संपवला तरी तो आला नव्हता. कोणी त्याला मारले नाही, शिवी दिली नाही. फक्त ‘थांब’ म्हटले. तो थांबला. या ‘फक्त’विषयीच मला लिहायचे आहे.

दूर पॅलेस्टाइनमध्ये, इस्रायलच्या ताब्यातील पश्चिम किनाऱ्यावर, लष्करी नाक्यांचे जाळे आहे. शेतात जायचे, इस्पितळात जायचे, मजुरीला जायचे, तर परवाना दाखवून नाका ओलांडावा लागतो. २००१ च्या आरंभी काही इस्रायली स्त्रियांनी ठरवले की आपल्या सैन्याच्या या नाक्यांवर आपण जाऊन उभे राहायचे. संस्थेचे नाव मखसोम वॉच; ‘मखसोम’ म्हणजे हिब्रूत नाका. सभासद फक्त स्त्रियाच, आणि पुष्कळशा उतारवयाच्या. सकाळची पाळी, दुपारची पाळी लावून त्या जातात. किती माणसे रांगेत आहेत, किती वेळ थांबली, कोणाला परत पाठवले, हे त्या वहीत टिपतात आणि नंतर प्रसिद्ध करतात. घोषणा नाहीत, दगड नाही. सैनिकाला ठाऊक असते की आपल्या आजीच्या वयाची एक बाई पाहते आहे.

ही हकीकत वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच विचार घोळतो आहे: असे आपण का करू नये? पण तो बोलून दाखवताच एका प्राध्यापकांनी मला चांगलेच अडवले, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. ते म्हणाले, तिथे परक्या सैन्याचा ताबा आहे. इथला आदिवासी या देशाचा नागरिक आहे, मतदार आहे. इथले पोलीस हौसेने रस्त्यात उभे नाहीत. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. आणि जंगलात माणसांना अडवणारे केवळ खाकीतलेच होते काय? खबऱ्या म्हणून गावकऱ्यांचे गळे कोणी चिरले?

हे सारे मला मान्य आहे. तुलना पूर्ण होत नाही, आणि ती पूर्ण करण्याचा अट्टहास कोणी करू नये. मात्र प्राध्यापकांच्या युक्तिवादातूनच माझा मुद्दा अधिक बळकट होतो. तो नागरिक आहे ना? मग नाक्यावर त्याची वेळ कशी जाते याचा हिशेब मागणे हे परक्या देशातल्यापेक्षा इथे अधिक सोपे, अधिक रास्त असले पाहिजे.

शिवाय ही कल्पना आपल्याला परकी नाही. ‘पंच’ हा शब्द आपल्या रक्तातला आहे. झडती घ्यायची तर जागेवर दोन प्रतिष्ठित पंच हवेत, हे कायदा कितीतरी वर्षांपासून सांगत आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने त्यात चित्रीकरणाचीही भर घातली. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी, तीही मर्यादा राखून, हेही कायद्यात आहे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली बजावले. म्हणजे सत्तेचा हात दुसऱ्याच्या अंगाला लागत असताना तिसरे कोणीतरी पाहत असावे, हे आपल्या कायद्याने मुळातच ओळखले आहे. पण पंच बोलावतो कोण? जो झडती घेतो तोच. त्या इस्रायली बायका मला बिनबोलावलेल्या पंच वाटतात, आणि म्हणूनच अधिक विश्वासाच्या.

आता वननाक्याची गोष्ट. ती आपल्याच मातीतली असून आपण तिच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वनोपजाच्या वाहतुकीवर परवान्याचे बंधन घातले. लोक त्या परवान्याला ‘टीपी’ म्हणतात. त्याच कायद्याच्या व्याख्येत बांबू हे झाड ठरले. वनस्पतिशास्त्राचा आपल्या वर्गातला कोणीही विद्यार्थी सांगेल की ते गवत आहे; नाक्यावर मात्र ते झाड होते. कागद कारखान्याला इथल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे करारावर मिळत राहिला (आपण परीक्षेत ज्या कागदावर लिहिले, त्यात हा बांबू किती होता, देव जाणे), आणि ज्याच्या गावाशेजारी तो उगवतो त्याच्या खांद्यावरचा भारा मात्र संशयास्पद ठरला.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे कोडे सोडवले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण टीपी मिळेना. तुमचे जंगल, तुमचा बांबू, पण रस्त्यावर आणला तर नाका आहेच! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तकच देवाजी तोफा यांच्या हाती, म्हणजे ग्रामसभेच्या हाती, देण्यात आले. पुढे सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यावा, हे देशभरासाठी लिहून ठेवले. २०१७ साली वनाबाहेरचा बांबू ‘झाडा’तून सुटला.

हे एका दिवसात घडले नाही. मेंढ्यात त्याआधी कित्येक वर्षे अभ्यासगट चालत होता. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र आणि गावकरी एकत्र बसत, कायदा वाचत, जंगलात काय आहे ते मोजत. निरीक्षण तिथेही होते. पण निरीक्षण करणारा आणि ज्याचे निरीक्षण होते तो, यांत रस्त्याच्या दोन बाजूंइतके अंतर नव्हते. मखसोम वॉचच्या बायकांना ही सोय नाही. त्या संध्याकाळी आपल्या घरी परततात. त्यांच्यातच एक वाद आहे, आणि तो मला त्यांच्या कामाइतकाच मोलाचा वाटतो. आपण उभ्या राहिल्याने नाक्यावरची वागणूक सुधारली, तर नाका सुसह्य होईल, आणि सुसह्य झालेला नाका उठवा असे कोण म्हणेल?

तरीही माझे मत असे की पाहावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ता झाडतो, फोटो काढतो. त्याऐवजी सात दिवस आठवडी बाजाराच्या वाटेवर बसावे. कोणाशी वाद घालू नये. ठाणेदाराला आधी कळवावे. चोरून पाहणे हे पाहणे नव्हे. माणसाचे नाव लिहू नये, कारण आपण निघून गेल्यावर त्याला त्याच वाटेने परतायचे असते आणि उद्या वही कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. वेळ लिहावी, काय विचारले ते लिहावे, डोक्यावर काय होते ते लिहावे. मोहफुले, सरपणाची मोळी, कोंबडी. पोलिसांनी पाणी पाजले तर तेही लिहावे. वहीची एक प्रत ग्रामसभेला, एक जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी.

हे सारे मी त्या मित्राला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “तू बसशीन तवा मले कोनी अडवनार नाही. तू नसशीन त्या दिवशीचं कोन लिहिन?”

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझी वही मागून घेतली. माझे रकाने त्याला पसंत पडले नाहीत; त्याने पट्टी घेऊन नवे आखले. वेळ, ठिकाण, किती मिनिटे हे तसेच ठेवले. मधे एक रकाना वाढवला: प्रश्न कोणत्या भाषेत विचारला. माडिया, गोंडी, मराठी, हिंदी. तो मला सुचला नव्हता. दिवाळीच्या सुटीत गावी जाताना त्याने वही बरोबर नेली आहे.