कष्टांचा कंटाळा नव्हे



तरुणांना कष्ट नकोत म्हणून ते मासेमारीत येत नाहीत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी दिसले की तिथेही हेच ऐकवतात. आमच्याकडे छत्तीसगडमध्ये नद्या-जलाशयांत १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. तेव्हा केवट-ढीमर या मच्छीमार जातींच्या पोरांनी खायचे काय? ती रायपुरात सेंट्रिंगच्या कामाला लागतात आणि तिथेच रमतात. कष्ट काय तिथे कमी आहेत? २०२१मध्ये छत्तीसगडने मत्स्यपालनाला शेतीचा दर्जा दिला, बिनव्याजी कर्ज देऊ केले. उत्तमच! पण सवलत तलावाच्या पट्टेदाराची. पहाटे गळ्याइतक्या पाण्यात जाळे ओढणारा रोजंदारीवरच. तलावाच्या पट्ट्यात त्याचा हिस्सा आधी लेखी द्या, मग आळसाबद्दल बोलू.

— एक वाचक, रायपूर