शिंदळ माकुडी : पाने गळली, तरी जिवंत!

चंदिगडच्या सेक्टर 43 मधल्या एखाद्या बाल्कनीत शिंदळ माकुडीची कुंडी ठेवली, तर थंडी पडू लागताच तिची पाने पिवळी पडून गळतात. उरतात नुसत्या बोटाएवढ्या, करड्या-हिरव्या फांद्या. मग घरातले कोणीतरी कळवळून तांब्याभर पाणी ओतते आणि आठवड्याभरात झाड बुडाशी कुजते!

ही वनस्पती मूळची आपल्या सह्याद्रीची. शिवनेरी, सज्जनगड, वज्रगड अशा मोजक्या ठिकाणच्या कातळकपारींत ती वाढते. महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही ती आपसूक उगवत नाही. 1860 च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून ‘फ्रेरिया’ हे नाव दिले. पावसाळ्यात मांसल पाने आणि मखमली, तपकिरी-लाल, चांदणीसारखी फुले. त्यांवरची पिवळी नक्षी झाडागणिक थोडी वेगळी. पाऊस सरला की पाने टाकून द्यायची आणि फांद्यांतल्या ओलाव्यावर दिवस काढायचे, ही तिची कातळावरची रीत. पानगळ म्हणजे आजार नव्हे.

कुंडी मातीची, पसरट आणि मोठ्या भोकाची घ्यावी. निम्मी माती व पालापाचोळ्याचे खत, निम्मी जाड वाळू व विटांचे तुकडे. टांगती कुंडी असेल तर फांद्या छान लोंबतात. चंदिगडला जुलै-ऑगस्टचा पाऊस जोरदार, म्हणून कुंडी पागोळीपासून दूर असावी. मे-जूनमध्ये फक्त सकाळचे ऊन द्यावे. खरी परीक्षा जानेवारीची. धुके, ओलसर गारठा, पारा चार-पाच अंशांवर! नोव्हेंबरअखेरीस कुंडी घरात, उजेडाच्या खिडकीशी आणावी आणि पाणी बंद करावे. फांद्या फारच सुरकुतल्या तर दुपारी अर्धा कप, बस्स. नवे कोंब दिसले की पाणी हळूहळू वाढवावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढावेत.

रोप मात्र गडावरून उपटून आणू नये. जगातल्या अतिदुर्मिळ वनस्पतींत तिची गणना झालेली आहे. रोपवाटिकेतून किंवा ओळखीच्या बागप्रेमीकडून एक फांदी मिळाली तरी पुरे. तिच्या भाऊबंदांची, म्हणजे माकडशिंगाच्या जातीच्या भारतीय झाडांची ओळख करून घ्यायची असेल, तर शेजारच्या पंचकुल्यात 1987 साली उभारलेली निवडुंगांची राष्ट्रीय बाग आहेच.

मिळालेली फांदी लगेच लावू नये. पाच-सहा दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्यावा, मग किंचित ओल्या वाळूत खोचावी.