आधी चाचणी कोणाची?

कोणत्या मुलाची जनुकीय चाचणी औषध देण्यापूर्वीच करून ठेवावी, हे रुग्णालयाच्या दप्तरावरून शिकलेल्या यंत्राने सुचवावे, या योजनेवर तीन आक्षेप घेतले जातात: अशी चाचणी अनावश्यक आहे, हवीच तर ती सरसकट करावी, आणि यंत्र पक्षपाती असते.

पहिला आक्षेप घेणारे कोडीनचा दाखला देतात. ज्या मुलाच्या यकृतातील सीवायपी२डी६ हे विकर उपजतच अतिवेगवान, त्याच्या शरीरात कोडीनचे मॉर्फीन इतक्या झपाट्याने होते की टॉन्सिल काढल्यानंतर झोपी गेलेल्या त्या मुलाचा श्वासच मंदावत जातो. असे मृत्यू घडल्यावर अमेरिकेने २०१३ साली कडक इशारा दिला, २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना ते वर्ज्य ठरवले, आणि त्यासाठी चाचणी लागली नाही. परंतु कोडीनला पर्याय होते. रक्ताच्या कर्करोगातून सावरणाऱ्या लेकराला आई महिनोन्‌महिने रोज रात्री जी फिकट पिवळी गोळी भरवते, त्या मर्कॅप्टोप्युरीनला वर्ज्य कसे करणार? टीपीएमटी जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या मुलाला मात्र तिचा दशांश, तोही आठवड्यातून तीनदाच, पुरतो; पूर्ण मात्रेने त्याची अस्थिमज्जा खचते.

सरसकट चाचणी तत्त्वतः उत्तम. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने २०११ पासून आपल्या बालरुग्णांची अशी आगाऊ तपासणी आरंभली. पण जेथे खोकल्यापासून अपस्मारापर्यंत सर्व दुखण्यांची मुले येतात आणि खजिना मर्यादित असतो, तेथे क्रम लावावाच लागतो, आणि पूर्वीची निदाने, तपासण्या व औषधे ताडून पुढे कोणाला असे औषध लागेल याचा अदमास बांधणे हे यंत्राला साजेसे काम आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. उपचारावरील खर्च हेच आजाराचे माप मानणाऱ्या एका अमेरिकी गणनपद्धतीने, ज्यांच्यावर मुळातच कमी खर्च होई त्या कृष्णवर्णीयांची गरज कमी लेखली, हे २०१९ साली उघड झाले. म्हणून यंत्राचा अखत्यार एवढाच असावा की त्याने यादीत नाव घालावे, कोणाचे वगळू नये; वैद्याने मागितलेली चाचणी यंत्राच्या आकड्यावरून नाकारली जाऊ नये. शिवाय मर्कॅप्टोप्युरीन सोसण्याशी निगडित एनयूडीटी१५ जनुकाची सदोष रूपे युरोपीयांहून आशियाई लोकांत अधिक आढळतात. ते न पाहणारी चाचणी आपल्या मुलांना खोटा निर्वाळा देईल.

या अटींवर योजना स्वीकारावी. कारण चुकून घातलेल्या नावाची किंमत एक जादा चाचणी, तर उशिरा आलेल्या अहवालाची किंमत त्या आईच्या हातून भरवली गेलेली पूर्ण गोळी.