रोडिओ? नाही बॉस, सारंगखेडा!

रोडिओ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हॉलिवूडचा सिनेमा, काउबॉय हॅट, उधळलेला घोडा आणि त्याच्या पाठीवर कसाबसा तग धरून बसलेला हिरो. फक्त आठ सेकंद टिकायचं. टिकलास तर गुण, नाहीतर मातीत! मंडे मॉर्निंगच्या मीटिंगमध्ये बॉससमोर आपण याहून जास्त वेळ टिकतो ती गोष्ट वेगळी.

पण एक गंमत सांगू? ‘रोडिओ’ हा शब्द मूळचा स्पॅनिश, आणि त्याचा खेळाशी काही संबंध नव्हता. चारी बाजूंनी वेढा घालून गुरं गोळा करणं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे आधी काम होतं, मग त्या कामातल्या हुशारीची पैज लागली, पैजेची जत्रा झाली आणि जत्रेला तिकीट लागलं. कॅनडातल्या कॅलगरी शहरात दर जुलैमध्ये दहा दिवस चालणारा ‘स्टॅम्पीड’ हा यातला सगळ्यात गाजलेला मेळा. पहिला भरला १९१२ मध्ये, आणि १९२३ पासून तो दरवर्षीचा झाला. या एवढ्या मोठ्या कारभारामागे दोन हजारांहून जास्त स्वयंसेवक असतात. बिनपगारी. आपापला नोकरीधंदा सांभाळून दरवर्षी तेच काम करणारे.

हे वाचून ‘तिकडचे लोकच वेगळे’ असा सुस्कारा सोडणार असाल तर थांबा. कॅलगरीचा व्हिसा नको. दोंडाईचाचं तिकीट काढा.

दत्त, तापी आणि घोडा

नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, तापीचा काठ. गावाचं नाव सारंगखेडा. इथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. तीन तोंडांचा दत्त आपण सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलाय, इथला एका मुखाचा. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, इथे यात्रा सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. उन्हाळ्यात का नाही, असं विचारू नका. मे महिन्यात खानदेशात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. तेव्हा घोडा सोडा, सावलीसुद्धा बाहेर पडत नाही! शिवाय उन्हाळ्यात घोड्याला वेळ कुठे असतो? तेव्हा तो लग्नाच्या वरातीत बिझी.

आणि इथेच या यात्रेचं खरं गणित आहे. नवस फेडायला येणारे भाविक, आकाशपाळणे, भांडीकुंडी, शेतीची अवजारं, तमाशाचे फड हे सगळं आहेच. पण सारंगखेड्याचं नाव देशभर झालं ते घोड्यांच्या बाजारामुळे. तीन-साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, कुठून कुठून ट्रक भरून घोडे येतात. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडणारे मारवाडी, काठेवाडी, गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुकरे. वरातवाले येतात, घोडेपालक येतात आणि ज्यांना कशालाच नको पण दारात घोडा हवाच असे हौशी शेतकरीही येतात. काही घोडे तर विकायला आणलेलेच नसतात, नुसते मिरवायला. त्यांची किंमत विचारायची, डोळे मोठे करायचे आणि पुढे सरकायचं.

शर्यती होतात. घोड्यांच्या नाचाच्या स्पर्धा होतात. रेवाल चालीत पळणारा घोडा तर एकदा बघाच. इतका झपाझप जातो, पण स्वार जागचा हलत नाही.

सीव्ही तपासा घोड्याचा

घोडा निवडणं म्हणजे एक जबरदस्त इंटरव्ह्यू असतो. आधी तोंड उघडून दात बघतात. पुढच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमाराला बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरलं, म्हणजे घोडा जवान. वयाचा खोटा दाखला इथे चालत नाही. मग उंची, मग रंग. कुमैत की अबलख? चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर तो ‘पंचकल्याण’, भाव वाढलाच. त्यानंतर अंगावरचे भोवरे. कुठला शुभ, कुठला अशुभ याचं अख्खं शास्त्र जाणकारांना तोंडपाठ. भोवऱ्याच्या जागेवरून सौदा मोडतो, म्हणजे बघा. (आपल्याकडे पत्रिकेवरून लग्नं मोडतात, तेव्हा हसू नका.)

शेवटी चाल. मालक घोड्यावर मांड टाकतो, धूळ उडते, बघ्यांचं कोंडाळं मागे सरतं आणि पुन्हा पुढे येतं. सौदा जमला की इसार दिला जातो आणि बाजार समितीची पावती फाटते. पुढचं एक वाक्य मात्र कुठल्याच पावतीवर नसतं. घोडा विकून निघालेला मालक त्याच्या मानेवरून हात फिरवत नव्या मालकाला सांगतो, याला चंदी कधी देता ते एकदा नीट ऐकून घ्या.

साठ हजार लिटरची गोष्ट

आता पडद्यामागे चला. आपल्यापैकी अर्ध्या लोकांच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजमेंट’ हा शब्द आहे, तेव्हा हा हिशेब आवडेल.

एक घोडा दिवसाला साधारण तीस लिटर पाणी पितो. बाजारात दोन हजार घोडे उभे आहेत असं धरा. झाले रोजचे साठ हजार लिटर. दहा हजार लिटरचे सहा टँकर, फक्त घोड्यांसाठी, माणसं वेगळी. एका घोड्याची रोजची लीद पंधरा-वीस किलो. म्हणजे तीस-चाळीस टन लीद दररोज उचलायची. ती उचलली नाही तर तिसऱ्या दिवशी माश्या आणि पाचव्या दिवशी आजार. चारा बदलला की घोड्याला पोटशूळ होतो आणि तो त्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून रात्री दोन वाजतासुद्धा जनावरांचा डॉक्टर हाताशी लागतो. ग्लँडर्स नावाचा रोग तर घोड्यावरून माणसालाही होतो. त्यावर इलाज नाही, लागण झालेला घोडा मारावाच लागतो. म्हणून परराज्यातून येणाऱ्या जनावरांची कागदपत्रं आणि रक्ततपासणी हा नुसता सरकारी सोपस्कार नाही.

आता सांगा, हे सगळं कोण करतं? ग्रामपंचायत, बाजार समिती, पोलीस, पशुवैद्यकीय खातं आपापलं काम करतातच. पण यात्रा चालते ती या खात्यांच्या मधल्या फटीत उभ्या असलेल्या माणसांमुळे. देवळाच्या रांगेत म्हाताऱ्या बाईला पाणी देणारी पोरं. हरवलेल्या लेकराचं नाव माइकवरून पुकारणारा, आणि त्याची आई येईपर्यंत त्याला शेव खायला घालून गप्प बसवणारा. शर्यतीच्या पट्ट्यातले दगड पहाटे वेचणारे. दोरखंड धरून गर्दी मागे रेटणारे. आपलं रिकामं शेत पार्किंगला देणारा शेतकरी. भंडाऱ्यात भाकऱ्या थापणाऱ्या बाया, ज्यांचा फोटो कुठल्याही पोस्टरवर येत नाही.

यांना कोणी जॉब डिस्क्रिप्शन दिलेलं नसतं. बाप ज्या खांबापाशी उभा राहायचा, त्या खांबापाशी पोरगा उभा राहतो. झालं अपॉइंटमेंट लेटर.

यात्रा की इव्हेंट?

गेल्या काही वर्षांत यात्रेला ‘चेतक फेस्टिव्हल’ हे नाव जोडलं गेलं. हळदीघाटीच्या लढाईतल्या, १५७६ मधल्या महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. पर्यटन महामंडळ आलं, ऐटबाज तंबू आले, स्टेज आलं, परदेशी कॅमेरे आले. नाकं मुरडायचं कारण नाही. घोड्याला भाव मिळायचा तर गिऱ्हाईक हवं, आणि गिऱ्हाईक यायचं तर झोपायला धड जागा हवी. घोडेच मुळात कमी होत चाललेत. २०१९ च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टू मिळून साडेतीन लाखांच्याही आत भरले. २०१२ मध्ये ते सव्वासहा लाखांच्या आसपास होते. सात वर्षांत जवळजवळ निम्मे! टांगे गेले, शेताच्या वाटांवर बाइक आली. अशा वेळी घोडा पाळणाऱ्याला वर्षातून एकदा तरी आपण शहाणपणाचं काम करतोय असं वाटायला लावणारी जागा टिकायलाच हवी.

पण एक धोका आहे. स्टेज भाड्याने मिळतं, साऊंड सिस्टिम मिळते, सिक्युरिटी गार्डही मिळतात. त्या खांबापाशी उभा राहणारा पोरगा मात्र कंत्राटाने मिळत नाही. ज्या दिवशी त्याला वाटेल की ही यात्रा आता आपली नाही, पासवाल्यांची आहे, त्या दिवशी तो घरी बसेल. ठेका देता येतो आणि काढूनही घेता येतो. घरी बसलेला गावकरी परत आणता येत नाही.

दुसरा प्रश्न जनावरांचा. बैलांच्या शर्यतींचं काय झालं ते आठवा. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत गावोगावच्या यात्रा सुन्या झाल्या. कॅलगरीतही प्राणीप्रेमी दरवर्षी निषेधाचे फलक घेऊन उभे असतातच. घोड्याचं वेगळं नाही. काटेरी लगाम कायद्याने १९६५ पासूनच बंद आहेत, तरी ते अजून ठिकठिकाणी वापरले जातात. आगाडी-पिछाडी घट्ट आवळून तासन्‌तास उन्हात उभा केलेला घोडा आणि सावलीत खरारा होत असलेला घोडा यांतला फरक कळायला डॉक्टरची डिग्री लागत नाही. नियम मुंबईत होतात. ते पाळले जातात की नाही हे तिथे पट्ट्याच्या कडेला उभा असलेला माणूसच बघू शकतो. ‘मामा, याच्या तोंडातून रक्त येतंय, आज नका पळवू,’ हे वाक्य गावच्या ओळखीच्या पोराने म्हटलं तर मामा ऐकतो. हवालदाराने म्हटलं तर वाद घालतो.

आता तुमचा नंबर

तो पोरगा सध्या कुठे आहे, ठाऊक आहे? बऱ्याचदा तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये. शहादा, तळोदा, शिंदखेडा, शिरपूरकडची किती तरी मुलं शिकून पुण्याला, सुरतेला, नाशिकला गेली. फोनवर घरच्यांशी अहिराणीत बोलतात, आपण ऐकतोय म्हटल्यावर आवाज बारीक करतात. डिसेंबरात त्यांचा खांब रिकामा असतो.

डिसेंबर म्हणजे आपल्या शिल्लक रजा संपवायचा महिना. गोवा आहेच, कुठे पळून जात नाही. तुम्ही खानदेशचे असाल तर यंदा चार दिवस घरी जा आणि तुमच्या खांबापाशी उभे राहा. इतकी वर्षं एक्सेल शीट भरलीत, हरवले-सापडलेची एक वही नीट लिहिता येईलच. टँकरचं वेळापत्रक बनवता येईल. परराज्यातल्या घोडेवाल्याला हिंदीत फॉर्म भरून देता येईल.

आणि खानदेशचे नसाल? तर त्या क्युबिकलमधल्या मित्राला सांगा, मलाही घेऊन चल. पाहुणा म्हणून जा, पण निदान एक दिवस पाण्याच्या स्टॉलमागे उभे राहा. लोक ‘या भाऊ, बठा’ म्हणतील. बसू नका, हाताला काम मागा.

जाताय? मग एवढं करा

• दत्तजयंतीची तारीख दरवर्षी बदलते, कॅलेंडर बघून आधी रजा टाका. सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचाला उतरा, तिथून रस्त्याने सारंगखेडा. शहाद्याहूनही एसटी आहे.

• थंडीचे कपडे न्या. तापीकाठची पहाट बोचते.

• घोड्याच्या मागून जाऊ नका, फ्लॅश मारू नका आणि मालकाला विचारल्याशिवाय काही खायला घालू नका. तुमच्या प्रेमाच्या पाव किलो जिलबीने त्याचं पोट बिघडतं.

• पोटभर कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खा. खापरावरचे मांडे मिळाले तर डाएटला चार दिवसांची सुट्टी.

• घोडा विकत घेण्याचा मोह झाला तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करा. पार्किंग एकच आहे ना?